काळी नखी

त्या साली राय, आमच्या पावाचं धान्य, फुलोऱ्यात आली आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. आमच्या सोलोन्यातली जमीनच तशी. वर वाळू, खाली चिकण माती. पडलेलं पाणी वाहून जात नाही आणि मुरतही नाही. तळी फुगून शेतात येतात आणि शेतं तळ्यात उतरतात. सकाळी धुकं चढलं की ला बोर्दच्या अंगणातून समोरची गोठ्याची भिंतसुद्धा दिसत नसे. ओल्या कणसांचा वास तेवढा यायचा, आणि बेडकांचा आवाज.

ला बोर्दचा मळा सिल्व्हँ बारो अर्धेलीनं करत होता. निम्मं पीक व्होकूर मालकांच्या कोठारात जायचं, निम्मं त्याच्या माळ्यावर. घरात माणसं तीनच उरली होती. सिल्व्हँ, त्याची बायको सोलांज आणि विशी ओलांडलेला मुलगा उर्सँ. उर्सँला उजवं पाऊल नव्हतं. लाकडी खुंट चामड्याच्या पट्ट्यांनी बांधून तो नांगरामागं चालायचा, आणि चिखलात तो खुंट रुतला की हातानं उपसून काढायचा. कुणी मदतीला आलेलं त्याला चालत नसे.

असंच एक ओलं साल मागं होऊन गेलं होतं. त्या हिवाळ्यात पोरांच्या पायांत आधी मुंग्या आल्या, मग आग पेटली. बर्फात पाय घातले तरी ती विझेना. पुढं आग गेली आणि पाय गार पडले, कोळशासारखे काळे. उर्सँचं पाऊल एका सकाळी मोज्याबरोबर निघून आलं. थेंबभर रक्त नाही. तो वाचला. त्याच्या दोघी बहिणी, पेरीन आणि मादलों, वसंत लागायच्या आत गेल्या.

गावानं कारण शोधायला वेळ लावला नाही. त्याच्या आधीच्या शरदात ब्लेझ मेंढपाळाची मेंढरं सिल्व्हँनं पडीक रानातून हुसकली होती, आणि ब्लेझनं ला बोर्दच्या फाटकाशी उभं राहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुझ्या घराला आग लागो." आग लागली ती अशी लागली. पोरींना पुरून आल्यावर सिल्व्हँ मळणीचा सोटा घेऊन गेला आणि त्यानं ब्लेझचा हात मोडला. बाकीच्यांनी त्याची झोपडी पाडली. तेव्हापासून ब्लेझ माळाच्या पार टोकाला, मोठ्या तळ्याकाठी राहायचा. मेंढरं त्याच्या हाताला चांगली पोसतात म्हणून लोक ती त्याच्याकडं सोडायचे, पण त्याच्याशी बोलायचं कुणी नाही.

सोलांज पाव करायला बसली की घर भरून यायचं. काठवटीवर वाकून पीठ मळताना तिला कमरेला बांधलेल्या फडक्याच्या गाठी मागून ओढल्यासारखं व्हायचं. ती मान न वळवता म्हणायची, "थांबा गं, होतंय." सिल्व्हँ चुलीपाशी बसून हे ऐकायचा आणि बाहेर निघून जायचा. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

मग राजा पळाला, प्रजासत्ताक आलं, आणि गड्यामाणसालासुद्धा मत मिळालं. थोरले व्होकूर मालक तोवर वारले होते. त्यांचा मुलगा अर्सेन निवडून आला आणि पॅरिसच्या सभागृहात जाऊन बसला. परत आल्यावर तो शेतावर म्हणाला, आता मला मालक म्हणू नका, नागरिक म्हणा. सिल्व्हँ म्हणाला, "बरं, मालक."

अर्सेन व्होकूरला एकच ध्यास होता. सरकारनं शेतीची शाळा काढावी. तीही शहरात नाही, शेतावर. शेतकऱ्याच्या पोरांनी तिथं फुकट राहावं, जेवावं, आणि जमिनीतलं पाणी कसं काढायचं, चुनखडी कधी टाकायची, बियाणं कसं निवडायचं हे हातानं करून शिकावं. सभागृहात तो यावर बोलायला उठला की बाकीचे सभासद कंटाळून पाय घासायचे. एकानं विचारलं, परीक्षा बैलांची घेणार की गड्यांची? आमच्याकडं ते पोचायला आठवडा लागला नाही. बाजारात म्हणू लागले, व्होकूरसाहेब बैलांना लॅटिन शिकवणार. आजूबाजूचे जमीनदार म्हणाले, वाचायला शिकलेला नांगऱ्या नांगराला टिकत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, पाऊस देवाच्या हातात आहे. आणि गावकरी म्हणाले, छप्पर घातलेला नवा कर, दुसरं काय!

तो थकला नाही. कचेऱ्यांच्या ओसऱ्यांवर ताटकळला, मंत्र्यांच्या मागं फिरला, ला बोर्दचा मळा आणि मोठं कोठार शाळेला द्यायला तयार झाला. शेवटी वरून एवढं मिळालं की कापणीच्या सुमारास एक समिती येईल, जागा बघेल, लोकांना विचारेल आणि ठरवेल.

त्याच पावसात एका दुपारी तो भिजत ला बोर्दला आला. चुलीजवळच्या बाकावर टेकला. त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं की समितीपुढं उर्सँनं उभं राहावं आणि पाय दाखवावा.

सिल्व्हँनं विचारलं, "जत्रेत अस्वल दाखवतात तसं?"

व्होकूरचा चेहरा लाल झाला. पण तो उठला नाही. त्यानं आधी मला बघू द्या म्हणून विनवलं, उर्सँपुढं गुडघे टेकले आणि पट्टे आपल्या हातानं सोडले. उर्सँ आढ्याकडं बघत राहिला. बघून झाल्यावर व्होकूरनं हात नकळत आपल्या मांडीला पुसले. सोलांजनं ते पाहिलं.

तो म्हणाला, शाळा झाली तर पहिला विद्यार्थी उर्सँ, आणि पुढं शिकवणाराही तोच. बाप नको म्हणायच्या आत उर्सँ "येईन" म्हणाला. पाऊल गेल्यापासून त्याला कुणी कशाला बोलावलं नव्हतं.

जुलैत पाऊस जरा उघडला. एका रविवारी चर्च सुटल्यावर व्होकूरनं सगळ्यांना कोठारात बोलावलं. पेला पेला वाइन होती म्हणून बरेच आले. त्यानं पांढरी बशी मांडली, तिच्या शेजारी शेतातून नुकती खुडलेली कणसं ठेवली आणि एकेका कणसातून काळे लांबट दाणे उपटून बशीत टाकू लागला. वाकडे, टोकदार, कोंबड्याच्या पायाच्या नखीसारखे. ते कुणाला नवे नव्हते. आम्ही त्याला नखीच म्हणायचो. नखी भरपूर तर पीक भरपूर, असं म्हातारी माणसं सांगत आली होती.

व्होकूर सावकाश बोलला. हा दाणा नव्हे, बुरशी आहे. फुलोऱ्यात पाऊस झाला की धरते. धान्याबरोबर दळली जाते, पिठातून पावात येते, आणि जास्त झाली की हातपाय काळे पडतात. डॉक्टरांना हे कधीचं ठाऊक आहे. शाप नाही, चेटूक नाही. शाळा झाली तर पहिला धडा हाच असेल.

मागं कुणीतरी हसलं, पण ते हसणं एकटंच पडलं. सिल्व्हँनं टोपी घातली आणि तो चालता झाला. सोलांज पुढं आली. तिनं बशीतली एक नखी उचलली आणि नखानं मोडली. बाहेरून काळी, आतून मळकट पांढरी, कडेनं जांभळट. त्या साली पिठाला असाच जांभळट रंग चढला होता आणि वास मारत होता. दमटपणानं झालं असेल म्हणून तिनं मीठ वाढवलं होतं.

व्होकूर तिच्याकडं बघत होता. तिनं हातातले तुकडे बशीत ठेवले, हात झटकले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाव करायचा दिवस होता. तिनं भट्टी पेटवली नाही. त्यानंतरच्याही दिवशी नाही. घरात शिळे तुकडे होते ते संपले. मग कुट्टूच्या पिठाची लापशी आणि दही, दोन्ही वेळा तेच. गवत कापायचे दिवस होते. सिल्व्हँ आणि उर्सँ पहाटेपासून विळे चालवायचे आणि दुपारी लापशीच्या वाडग्यापुढं बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी सिल्व्हँनं वाडगा ढकलला.

"गवत कापणाऱ्याला पाव लागतो," तो म्हणाला.

सोलांज म्हणाली, "माळ्यावरची राय मी निवडतेय. निवडून झाली की करीन."

ती खरंच निवडत होती. दारात उजेडाला बसून, सूप मांडीवर घेऊन, दाणा दाणा. सिल्व्हँ उभा राहून बघत होता. मग त्यानं मनातलं बोलून टाकलं, की शहरातून शिकून आलेला माणूस एक बशी मांडतो आणि तेवढ्यावर तू भट्टी बंद करतेस. त्याचं खरं धरायचं तर ब्लेझचा हात मी उगाचच मोडला म्हणायचा.

"उगाचच मोडलात," ती म्हणाली.

तो गवताकडं गेला, आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

निवडता निवडता तिला पोरी गेल्या त्या सालची मळणी आठवली. तशी ती विसरली कधीच नव्हती, पण आता तिला ती वेगळी दिसू लागली. थोरल्या मालकांचा कारभारी खळ्यावर उभा होता. शहरातला व्यापारी काळा दाणा घेत नाही म्हणून मालकांचा वाटा दोनदा चाळून घेतला होता. नखी मोठी, ती चाळणीवर राहायची. चाळणीवर राहिलेलं सगळं कारभाऱ्यानं बारोंच्या ढिगात ढकललं. धान्य ते धान्य, म्हणाला. सोलांजनं ते ओंजळींनी गोळा करून आपल्या ओच्यात भरून घरी नेलं होतं. वाट्याहून पसाभर जास्त मिळालं म्हणून तिला वाटेत बरं वाटत होतं. पेरीन तिच्या बाजूनं उड्या मारत चालली होती.

हे तिनं ना सिल्व्हँला सांगितलं, ना उर्सँला. निवडलेल्या रायीचा तिनं पाव केला. मळताना मागून कुणी गाठी ओढल्या नाहीत. ती थांबली, हात पिठात तसेच ठेवून वाट बघितली. कुणी आलं नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

समिती आली ती कापणीच्या ऐन गर्दीत. घोडागाडी तळ्याच्या बांधावर रुतली, आणि तिघा साहेबांना चिखल तुडवत यावं लागलं. त्यांच्यातले मुख्य पांढऱ्या गलमिश्यांचे, स्वतः मोठ्या जंगलांचे मालक. सरकारचा पैसा शाळेत घालायची त्यांची इच्छा नाही हे त्यांनी बूट पुसायला कापड मागितलं तेव्हाच आम्हाला कळलं. व्होकूरनं त्यांना कोठार दाखवलं, चर खणून कोरडा केलेला तुकडा दाखवला, त्यावरची राय दाखवली. ती खरंच बरी होती. मग कोठारात बाक मांडून सगळे बसले. गाव भिंतीला टेकून उभं राहिलं.

उर्सँ पुढं आला. त्यानं पट्टे सोडले, खुंट बाजूला ठेवला आणि एका पायावर उभा राहिला. धरायला काही नव्हतं, म्हणून तो जरा डुलत होता. एका साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. सिल्व्हँ दाराशी होता. तो आला, मुलाच्या शेजारी उभा राहिला आणि उर्सँनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मदत घेतलेली आम्ही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

गलमिशीवाल्यांनी सोलांजला पुढं बोलावलं. ते गोड आवाजात म्हणाले, नागरिक व्होकूर काही म्हणोत, गावात तर चेटूक झालं असं सांगतात. आईचं काय मत आहे?

त्यांना काय हवं होतं ते कळायला शाळा शिकावी लागत नव्हती. ती चेटूक म्हणाली असती, तर ही माणसं शिकण्यातली नव्हेत असं लिहून ते मोकळे झाले असते. व्होकूर तिच्याकडं बघत होता आणि भीक मागणाऱ्यासारखा दिसत होता.

"चेटूक नव्हतं," सोलांज म्हणाली. "पाव होता. मी मळला, मी भाजला, मीच वाढला. धाकटी कडू लागतंय म्हणून नको म्हणत होती. मी तिला दटावून खायला लावला."

व्होकूरनं डोळे मिटले. गलमिशीवाल्यांनी लेखणी उचलली.

"आणि हेही लिहा," ती म्हणाली. "ती राय चाळली होती. दोनदा. चाळून खाली पडलेली मालकांच्या कोठारात गेली. चाळणीवर राहिली ती आमच्या ढिगात आली. एकाच शेतातली."

गलमिशीवाले व्होकूरकडं वळले. त्यांना बसल्या जागी घबाड सापडलं होतं. त्यांनी मऊपणानं विचारलं की ही बाई म्हणते त्यात काही तथ्य आहे का. व्होकूर नाही म्हणू शकला असता. कारभारी मेला होता, थोरले मालक मेले होते, आणि आमच्या शब्दाला काय किंमत?

तो उभा राहिला.

"त्या हिवाळ्यात मी घरी होतो," तो म्हणाला. "पोरींच्या मयताला गेलो होतो. आमच्या घरी बोटसुद्धा कुणाचं काळं पडलं नाही. एवढी वर्षं मी नखीवर वाचतोय, भांडतोय. आमचं घर का वाचलं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आज कळलं."

गलमिशीवाल्यांनी लेखणी खाली ठेवली. हे लिहून घ्यायची गरज नव्हती, त्यांच्या लक्षातच राहणार होतं.

साहेब गाडीकडं निघाले. लोक पांगले. व्होकूर कोठारातच उभा होता. सोलांज त्याच्याजवळ गेली, आणि आम्हाला वाटलं आता ही याला शिव्याशाप देईल. तिनं साधं विचारल्यासारखं विचारलं.

"मालक, त्या साली तुमच्याकडचा पाव कसा लागायचा?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "गोड," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, जसं काही तेवढंच हवं होतं, आणि उर्सँचा खुंट उचलून त्याला नेऊन दिला.

शाळा ला बोर्दला आली नाही. हिवाळ्यात कळलं की ती नदीपलीकडच्या एका जमीनदाराला मिळाली. त्यानं शेतीच्या शाळेचं नावही कधी काढलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी व्होकूरला "चाळणीवाला नागरिक" म्हटलं, आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. आम्हीही त्याला मत दिलं नाही. जिथं जमीनदार सांगतील तिथं चिठ्ठी टाकायची आमची रीत होती. तो परत येऊन मळ्यावर राहिला. पडला त्या सालच्या मळणीला त्यानं कोटाच्या बाह्या वर केल्या, स्वतः चाळणी धरली आणि बारोंचा वाटा आधी चाळला. सिल्व्हँ शेजारी उभा राहून बघत होता. त्यानं हात लावला नाही की नको म्हटलं नाही. रविवारचे धडे कोठारात चालू राहिले. उर्सँ आणि आणखी एकदोघं यायचे, कधी एकटा उर्सँच. व्होकूर तेवढ्यांपुढंही उभा राहून शिकवायचा, सभागृहात बोलल्यासारखा.

पण त्याआधी, समिती आली त्याच साली, कापणी उरकली आणि माळावर जांभळी झुडपं फुलली तेव्हाची गोष्ट. सोलांज नवऱ्याला म्हणाली की ब्लेझला कुणीतरी सांगायला हवं. सिल्व्हँ म्हणाला, मी कुठल्या तोंडानं जाऊ? ती म्हणाली, तुम्ही नका जाऊ.

ती एकटीच निघाली. धुकं उठलं नव्हतं. माळ ओलांडून तळ्याकाठी पोचेपर्यंत तिचा घागरा गुडघ्यापर्यंत भिजला. मेंढरांच्या घंटा आधी ऐकू आल्या, मग गवताची झोपडी दिसली. ब्लेझ दाराशी बसून लोकर विंचरत होता. डावा हात वाकडाच सांधला होता. कंगवा त्यानं गुडघ्यात धरला होता. तिला पाहून तो उठला आणि आत जाऊन दार लावू लागला.

"मारायला नाही आले," ती म्हणाली.

दार अर्ध्यावर थांबलं. तिनं तिथंच उभं राहून सगळं सांगितलं, नखी, पाव, चाळणी, समिती. ब्लेझ दाराच्या फटीतून ऐकत होता. तो म्हातारा झाला होता. इतका होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"म्हणजे तू नाही मारलंस त्यांना," ती म्हणाली. "एवढंच सांगायला आले."

ब्लेझ बाहेर आला. दाराजवळच्या बाकाच्या कडेला बसला. मग तिला कळलं की तो काहीतरी पुटपुटतोय. जवळ गेल्यावर ऐकू आलं.

"मी म्हणलो होतो," तो सांगत होता. "तुमच्या फाटकाशी. मनापासून म्हणलो होतो. आग लागो. मग लागली." त्यानं मान वर केली. "लोकांना वाटतं मी त्यांना भिऊन इथं राहिलो. मी तुझ्या पोरींना भिऊन राहिलो. संध्याकाळी पाण्यावर धुकं येतं ना, तेव्हा दोघी तिथं उभ्या असतात. काही बोलत नाहीत. रोज मी त्यांची माफी मागतो."

सोलांज तळ्याकडं बघू लागली. पाण्यावर लव्हाळ्याची पाती तेवढी हलत होती.

"तुझ्याकडं येतात होय," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडं यायच्या बंद झाल्या."

मग ती त्याच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं, त्यामुळं तो आक्रसून कडेला सरकला. मेंढरं दोघांच्या पायांत येऊन उभी राहिली. ऊन धुक्यातून थोडं थोडं उतरत होतं.

शेवटी ब्लेझ म्हणाला, "सोलांज, तू हे आणखी कुणाला सांगत बसू नकोस. माझ्यावरच राहू दे. मला आता ओझ्याची सवय झालीय. तुला नाही व्हायची."

तिनं त्याचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला. सांधा कुठं चुकला ते बोटांनी चाचपलं, जसं लेकराचं बघतात तसं.

"नाही ब्लेझ," ती म्हणाली. "पोरी माझ्या होत्या."